६४० केबीची भानगड: जुन्या पीसीची मेमरी स्वतः तपासून समजून घ्या

४८६ प्रोसेसरचं मशीन, १६ एमबी रॅम, आणि प्रोग्राम चालू करायला गेलं की म्हणतो मेमरी अपुरी आहे, ६०० केबी मोकळी पाहिजे. जुन्या पीसीच्या नादाला लागलेल्या नवीन माणसाला हे पहिल्या आठवड्यातच दिसतं, आणि पहिली शंका सगळ्यांना एकच येते की रॅमची पट्टी गेली असणार. पट्टी चांगली असते हो. अडचण पत्त्यांची असते. मशीनमध्ये रॅम किती बसवलीय आणि प्रोसेसरला किती पत्ते बोलता येतात ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की सेगमेंट, एचएमए, ईएमएस, एक्सएमएस ही सगळी नावं आपोआप जागेवर बसतात. नुसतं वाचून ते बसत नाही, म्हणून हा लेख हाताने करून बघायचा आहे.

आधी तयारी

जुनं मशीन नसलं तरी काही अडत नाही. व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे संगणकातच दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम, त्यात नवीन मशीन बनवा, प्रकार डॉस (कमांड टाइप करून चालणारी त्या काळची ऑपरेटिंग सिस्टीम), रॅम ३२ एमबी, डिस्क ५०० एमबी, आणि त्यात फ्रीडॉस १.३ पूर्ण इन्स्टॉल करा, फुकट आहे. इन्स्टॉलर आधी डिस्कचं पार्टिशन करतो, रीबूट मागतो, मग पुन्हा तोच इन्स्टॉलर चालवायचा असतो, इथे बरेच जण समजतात की काहीतरी बिघडलं, तसं नसतं. सगळं झालं की व्हर्च्युअल मशीनच्या ड्राइव्हमधून सीडीची फाइल बाहेर काढा नाहीतर मशीन परत सीडीवरूनच चालू होईल. ज्यांच्याकडे खरं मशीन आणि एमएस-डॉस ६.२२ आहे त्यांनी तेच वापरा, डीबग नावाचा, मेमरीत डोकावून ती बघायचा आणि बदलायचा प्रोग्राम दोन्हीकडे आहे आणि आपल्याला मुख्यतः तोच लागणार आहे.

एक लक्षात ठेवा, मी कमांड इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. आणि डीबगमध्ये प्रत्येक आकडा हेक्स असतो, म्हणजे ए ते एफ ही अक्षरं पण आकडेच असतात आणि १० म्हणजे आपले १६. सुरुवातीला निम्म्या चुका ह्या एका गोष्टीमुळे होतात.

पायरी १: आधी पत्ते मोजा

समजा एखाद्या लॉजमध्ये खोली नंबर दोनच आकडी लिहायची पद्धत आहे, मग मालकाने मागे कितीही खोल्या बांधल्या तरी ०० ते ९९ अशा शंभरच खोल्यांना नंबर मिळणार. प्रोसेसरचं तसंच. इंटेलचा ८०८६ आला १९७८ मध्ये, त्याला पत्त्यासाठी २० वायरी होत्या, प्रत्येक वायर शून्य किंवा एक, म्हणून दोनाचा विसावा घात, १०,४८,५७६ पत्ते. एका पत्त्यावर एक बाइट. झाली १ एमबी. त्याचाच भाऊ ८०८८ आयबीएमने १९८१ च्या पीसीत घातला, ४.७७ मेगाहर्ट्झवाला, त्याचीही मर्यादा तीच.

मग १ एमबीचे ६४० केबी कसे झाले? कारण पत्ते फक्त रॅमला लागत नाहीत. स्क्रीनवर काय दिसायचं ते जिथे लिहितात त्या व्हिडिओ मेमरीला पत्ते लागतात, मशीन चालू करणाऱ्या बायोसच्या रॉमला, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या मेमरीला लागतात, पुढे कोणी कार्डं घालतील त्यांच्या रॉमला लागतात. आयबीएमने १ एमबीचे ६४ केबीचे सोळा तुकडे पाडले, खालचे दहा रॅमला दिले आणि वरचे सहा ह्या बाकीच्यांना राखून ठेवले. दहा गुणिले ६४, ६४० केबी. वरचे ३८४ केबी. पहिल्या पीसीच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये १६ केबी रॅम होती, त्या वेळी ६४० म्हणजे वापरून संपणारच नाही असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं.

बरेच जण सांगतात की ६४० ही डॉसची मर्यादा आहे. ते बरोबर नाही. व्हिक्टर ९००० नावाचं ८०८८ चंच दुसरं मशीन होतं, त्यावरही एमएस-डॉस चालायचं, आणि त्याचा नकाशा वेगळा असल्यामुळे त्यात ८९६ केबीपर्यंत रॅम घालता यायची. मर्यादा ठरली ती आयबीएमच्या नकाशामुळे, आणि सगळ्यांनी आयबीएमचीच नक्कल केली म्हणून ती सगळ्यांच्या गळ्यात पडली.

आता बघूया. डीबग टाइप करा, एंटर, एक छोटी रेघ येईल. तिथे लिहा:

डी ४०:१३ एल२

डी म्हणजे दाखव, एल२ म्हणजे दोन बाइट. उत्तर येईल ८० ०२ किंवा ७एफ ०२. बायोस मशीन चालू होताना खालची रॅम किती केबी आहे ते मोजून ह्याच जागी लिहून ठेवतो. इंटेलचे प्रोसेसर आकड्याचा लहान भाग आधी ठेवतात, म्हणून ८० ०२ उलटा वाचायचा, ०२८० हेक्स, म्हणजे ६४०. ७एफ ०२ दिसलं तर ६३९, बायोसने १ केबी स्वतःसाठी ठेवून घेतलाय एवढंच. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता, इतकी वर्षं नुसता ऐकलेला आकडा समोर दोन बाइटमध्ये पडलेला होता.

पायरी २: सेगमेंट आणि ऑफसेट

वर ४०:१३ असा दोन तुकड्यांत पत्ता का लिहिला? कारण ८०८६ चे रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले आकडे धरायचे खण, १६ बिटांचे, एका रजिस्टरमध्ये ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावत नाही, आणि पत्ता तर २० बिटांचा पाहिजे. इंटेलने तोडगा काढला की दोन रजिस्टर वापरा. पहिल्याला म्हणायचं सेगमेंट, त्याला सोळाने गुणायचं, आणि त्यात दुसरा, म्हणजे ऑफसेट, मिळवायचा.

असं समजा की लांबलचक रस्ता आहे आणि दर सोळा पावलांवर एक विजेचा खांब आहे, प्रत्येक खांबाला नंबर आहे. सेगमेंट म्हणजे खांबाचा नंबर आणि ऑफसेट म्हणजे त्या खांबापासून पुढे किती पावलं चालायचं. चालायची मुभा ६५,५३५ पावलांपर्यंत. त्यामुळे एकाच दुकानाचा पत्ता तुम्ही वेगवेगळ्या खांबांपासून सांगू शकता, आणि सगळे पत्ते बरोबर असतात. नवीन माणूस नेमका इथे गोंधळतो, म्हणून लगेच करून बघा:

डी ४०:१३ एल२
डी ४१:३ एल२
डी ०:४१३ एल२

तिन्हीला उत्तर एकच येईल कारण तिन्ही पत्ते एकाच जागेचे आहेत. ४० ला सोळाने गुणणं म्हणजे हेक्समध्ये नुसतं शेवटी एक शून्य लावणं, ४००, त्यात १३ मिळवले की ४१३. दुसऱ्यात ४१० अधिक ३. हिशेब एवढाच आहे, ह्यात अवघड काही नाही, फक्त वहीत चार-पाच पत्ते स्वतः करून बघा. एका जागेला असे ४०९६ पर्यंत पत्ते असू शकतात.

ह्याचा त्रास कुठे व्हायचा तर ६४ केबीपेक्षा मोठा डेटा एका सेगमेंटमध्ये मावायचा नाही, मध्येच खांब बदलावा लागायचा. टर्बो सी हे सी भाषेत प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर वापरलेल्यांना मेनूतले स्मॉल, मीडियम, कॉम्पॅक्ट, लार्ज, ह्यूज हे मेमरी मॉडेल आठवत असतील, क्लासमध्ये सर सांगायचे स्मॉल ठेवा आणि कोणी विचारायचं नाही की का. कारण हेच होतं. स्मॉलमध्ये कोडला एक सेगमेंट, डेटाला एक, पॉइंटर, म्हणजे पत्ता धरून ठेवणारा आकडा, दोन बाइटचा. लार्जमध्ये पॉइंटर चार बाइटचा, खांब आणि पावलं दोन्ही सोबत घेऊन फिरणारा.

पायरी ३: पत्ता आहे पण रॅम नाही

हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग. डीबगमध्येच असताना हे लिहा:

ई बी८००:९ई ४१ १एफ

ई म्हणजे त्या जागी लिही. एंटर मारल्याबरोबर स्क्रीनच्या अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या पट्टीवर पांढरा ए दिसेल. कर्सर तळाशी असेल तर स्क्रीन एक ओळ वर सरकते आणि तो ए निघून जातो, म्हणून आधी बाहेर येऊन सीएलएस करून मग डीबगमध्ये जा.

झालं काय ते बघा. तुम्ही कुठल्याही प्रिंटच्या कमांडला सांगितलं नाही की कोपऱ्यात ए काढ. तुम्ही फक्त एका पत्त्यावर दोन बाइट लिहिले. पण तो पत्ता ६४० केबीच्या वरचा, रंगीत टेक्स्ट स्क्रीनचा, बी८००० पासून सुरू होणारा. प्रत्येक अक्षराला दोन बाइट, पहिला अक्षराचा आणि दुसरा रंगाचा. ४१ म्हणजे ए, १एफ म्हणजे निळ्यावर पांढरा. एका ओळीत ८० अक्षरं, म्हणजे १६० बाइट, शेवटचं अक्षर १५८ व्या बाइटपासून, आणि १५८ हेक्समध्ये ९ई. पत्ता म्हणजे रॅम नव्हे हे मला ह्या एका ए ने शिकवलं.

जाता जाता, अक्षराला एकच बाइट असल्यामुळे ह्या टेक्स्ट स्क्रीनवर सरळ मराठी बसवणं कठीण होतं, वेलांटी, मात्रा, जोडाक्षरं एका खाचेत कशी कोंबणार. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड, ज्याचं मूळ काम आयआयटी कानपूरला झालं होतं, ते पीसीत घातलं की साध्या डॉसच्या प्रोग्राममध्ये देवनागरी दिसायची. त्यासाठीच्या इस्की कोडमध्ये इंग्रजी खालच्या १२८ मध्ये आणि आपली अक्षरं वरच्या १२८ मध्ये असायची. ज्यांनी ते प्रत्यक्ष वापरलंय त्यांना त्याची किंमत माहीत आहे.

पायरी ४: अ‍ॅड्रेसिंग मोड

प्रोसेसरला किंमत कुठून उचलायची हे सांगायच्या ज्या पद्धती त्यांना अ‍ॅड्रेसिंग मोड म्हणतात. पुस्तकात ह्याची भली मोठी यादी असते आणि ती पाठ करून काही कळत नाही. तुम्ही ए १०० लिहून एंटर मारा आणि एकेक ओळ टाका, मोव्ह म्हणजे एम-ओ-व्ही:

मोव्ह एएक्स,४०
मोव्ह डीएस,एएक्स
मोव्ह एएक्स,[१३]
मोव्ह बीएक्स,१०
मोव्ह सीएक्स,[बीएक्स+३]
मोव्ह एसआय,२
मोव्ह डीएक्स,[बीएक्स+एसआय+१]

शेवटी रिकामा एंटर. आता टी लिहून एंटर, एक ओळ चालेल आणि सगळे रजिस्टर समोर येतील. असं सात वेळा करा आणि दर वेळी थांबून बघा काय बदललं.

पहिली ओळ इमिजिएट, किंमत आदेशातच आहे. दुसरी रजिस्टर ते रजिस्टर, कारण सेगमेंट रजिस्टरमध्ये थेट आकडा टाकायची सोयच नाही, असा वळसा घ्यावा लागतो. तिसरीत कंस आला, कंस म्हणजे हा आकडा किंमत नाही तर पत्ता आहे, तिथे जाऊन बघ. हा डायरेक्ट मोड, आणि सेगमेंट आपण आधीच डीएसमध्ये ४० ठेवलाय, म्हणून एएक्समध्ये तोच ०२८० येतो. पाचवीत बीएक्समध्ये १० आणि ३, पुन्हा १३. सातवीत १० अधिक २ अधिक १, पुन्हा १३. तीन वेगळ्या वाटांनी तीन रजिस्टरमध्ये एकच आकडा येऊन बसतो, हे स्क्रीनवर दिसलं की यादी पाठ करायची गरज उरत नाही.

आता मुद्दाम चूक करा, पुन्हा ए १०० करून मोव्ह एएक्स,[डीएक्स] लिहा. डीबग एरर दाखवेल. ८०८६ मध्ये कंसात फक्त बीएक्स, बीपी, एसआय आणि डीआय चालतात, बाकीच्यांना पत्ता धरायची परवानगी नाही. आणि बीपी वापरला की प्रोसेसर डीएस ऐवजी एसएस म्हणजे स्टॅकचा सेगमेंट धरतो, ही गोष्ट विसरून लोकांनी रात्ररात्र बग शोधलेत. ३८६ ह्या नंतरच्या प्रोसेसरने पुढे ३२ बिटांच्या पत्त्यांसाठी ही बंधनं बरीच सैल केली, कुठलंही साधारण रजिस्टर चालतं आणि एकाला २, ४ किंवा ८ ने गुणताही येतं. क्यू लिहून बाहेर या.

पायरी ५: १ एमबीच्या वर काय आहे

२८६ हा पुढचा प्रोसेसर आला १९८२ मध्ये, पत्त्याच्या वायरी २४, म्हणजे १६ एमबी. पण त्यासाठी प्रोटेक्टेड मोडमध्ये जावं लागतं आणि डॉस रिअल मोडमध्ये चालतं, जिथे तो वेगवान ८०८६ सारखाच वागतो. शिवाय प्रोटेक्टेडमधून परत यायची वाटच इंटेलने ठेवली नव्हती, परत यायचं तर प्रोसेसर रीसेट करावा लागायचा. म्हणून १ एमबीच्या वरची रॅम, जिला एक्स्टेंडेड म्हणतात, ती डॉसच्या प्रोग्रामसाठी जवळजवळ पडूनच असायची.

त्यातून एक छान फट सापडली. खांब नंबर एफएफएफएफ घ्या आणि १० हेक्स पावलं चाला, बेरीज येते हेक्समध्ये १०००००, म्हणजे बरोब्बर १ एमबीच्या पलीकडचं पहिलं पाऊल. ८०८६ ला एकविसावी वायर नसल्यामुळे तो इथे फिरून शून्यावर यायचा आणि काही जुने प्रोग्राम ह्या फिरण्यावर अवलंबून होते. २८६ खरोखर पुढे जायला लागला तर ते बंद पडले असते, म्हणून आयबीएमने १९८४ च्या एटी नावाच्या २८६ पीसीमध्ये ह्या वायरीला, मोजणी शून्यापासून म्हणून तिचं नाव ए२०, एक फाटक बसवलं आणि त्याची दोरी कीबोर्डच्या कंट्रोलरच्या हातात दिली कारण तिथे एक पिन शिल्लक होती. फाटक उघडलं की रिअल मोडमध्येच ६५,५२० बाइट जास्तीचे मिळतात, हाच एचएमए, हाय मेमरी एरिया. एमएस-डॉस ५ पासून डॉस स्वतःचा बराचसा भाग तिथे नेऊन ठेवतं.

ईएमएस वेगळं. नाव सारखं वाटतं म्हणून लोक एक्स्टेंडेड आणि एक्स्पांडेड ह्यांची गल्लत करतात. लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ठरवलेल्या ह्या पद्धतीत वरच्या ३८४ केबीत ६४ केबीची एक खिडकी ठेवतात, १६ केबीच्या चार तावदानांची, आणि कार्डावरच्या मोठ्या रॅममधला हवा तो तुकडा त्या तावदानात आणून दाखवतात. पत्ते तेच, मागची रॅम बदलत राहते. त्यामुळे ८०८८ वर पण चालायचं. एक्सएमएस म्हणजे एक्स्टेंडेड मेमरी शिस्तीत वाटून द्यायची पद्धत, डॉसमध्ये ते काम हायमेम नावाचा ड्रायव्हर करतो.

३८६, १९८५, ह्याने खरी सुटका केली. वायरी ३२, ४ जीबी, आणि पेजिंग, म्हणजे ४ केबीचा रॅमचा कुठलाही तुकडा कुठल्याही पत्त्यावर आहे असं भासवता येतं. ६४० च्या वर जे पत्ते कोणीच वापरत नाही तिथे रॅम नसते, पण ईएमएम३८६ नावाचा ड्रायव्हर १ एमबीच्या वरची रॅम उचलून त्या रिकाम्या पत्त्यांवर बसवतो, त्यालाच यूएमबी म्हणतात. २८६ वर ईएमएम३८६ घालून काही होत नाही, कारण त्याच्याकडे पेजिंग नाही. आणि ४ जीबी रॅम घातलेल्या ३२ बिट विंडोज एक्सपीत सव्वातीन जीबीच्या आसपास दिसायची ना, तोच प्रकार, वरचे पत्ते ग्राफिक्स कार्ड आणि इतर डिव्हाइसनी घेतलेले असायचे.

पायरी ६: आता जागा मोकळी करा

आधी मेम /सी चालवा, मेमरी कशाने किती घेतलीय ते ही कमांड दाखवते. प्रिंटर असेल तर मेम /सी > पीआरएन करून कागदावर घ्या, आमच्या क्लासमध्ये डॉट मॅट्रिक्सवर काढलेला तो कागद मॉनिटरच्या बाजूला चिकटवलेला असायचा आणि प्रत्येक बदलानंतर पेनाने नवीन आकडा लिहायचा. तुम्हाला वाढवायचाय तो आकडा खाली असतो, सगळ्यात मोठा प्रोग्राम किती केबीचा चालेल तो.

एमएस-डॉस ६.२२ ची कॉन्फिग फाइल, जी मशीन चालू होताना डॉस वाचतं, ती अशी:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी
डिव्हाइसहाय=सीडीरॉमचा ड्रायव्हर

क्रम महत्त्वाचा आहे. हायमेम आधीच पाहिजे, ते नसेल तर ईएमएम३८६ चालू होत नाही, आणि डिव्हाइसहायवाल्या ओळी ह्या सगळ्यांनंतर. ऑटोएक्झेक ही त्यानंतर आपोआप चालणारी दुसरी फाइल, तिच्यात माउस, सीडीरॉम वगैरेच्या आधी एलएच लावा, म्हणजे ते वर जातील. मोठा ड्रायव्हर आधी लोड करा कारण लोड होताना त्याला नंतरपेक्षा जास्त जागा लागू शकते आणि उशीर झाला की सलग तुकडा उरत नाही. एखादा प्रोग्राम ईएमएस मागत असेल तर नोईएमएसच्या जागी रॅम लिहा, पण मग ती ६४ केबीची खिडकी वरच्या जागेतूनच जाते, म्हणून लागत नसेल तर घेऊ नका.

फ्रीडॉसवाल्यांची फाइल एफडीकॉन्फिग.सिस, आणि हायमेम-ईएमएम३८६ चं काम तिथे जेमेक्स एकटाच करतो. तुम्हाला काही लिहायची पण गरज नाही, बूट होताना मेनू येतो त्यात एकदा जेमेक्सवाला पर्याय घ्या आणि एकदा ड्रायव्हर नसलेला, दोन्ही वेळा मेम चालवा आणि आकडे शेजारी शेजारी ठेवा.

एक सावधगिरी मनापासून सांगतो. मी एका ऑफिसातलं ३८६ असंच आवरून दिलं, ६१० केबी मोकळी, सगळं छान, आणि दुसऱ्या दिवशी नेटवर्कला लॉगिन केलं की मशीन गोठायला लागलं. नेटवर्क कार्डाची स्वतःची १६ केबी मेमरी डी००० पासून होती आणि बूट होताना ती शांत असल्यामुळे ईएमएम३८६ ला ती जागा रिकामी वाटली, त्याने तिथे यूएमबी बसवलं. एका पत्त्यावर दोन मालक. ओळीच्या शेवटी एक्स=डी०००-डी३एफएफ जोडलं, म्हणजे ही जागा सोड, आणि लगेच थांबलं. तेव्हा कार्ड असेल तर त्याचे जंपर, म्हणजे कार्डावरचा पत्ता ठरवणाऱ्या छोट्या खुंट्या, कुठल्या पत्त्यावर आहेत ते आधी कागदावर लिहून घ्या.

आणि बदल करायच्या आधी दोन्ही फाइलींची कॉपी ठेवा. मशीन बूटच झालं नाही तर चालू होताना एफ५ दाबा, दोन्ही फाइली सोडून डॉस येतं, एफ८ दाबलं तर प्रत्येक ओळ विचारून विचारून चालवतं, मग ज्या ओळीवर अडकतं ती ओळ तुम्हाला सापडलीच. एका वेळी एकच ओळ बदला, रीबूट करा, मेम /सी, आकडा कागदावर, मग पुढची.